नाशकात छोटी आयटी सर्व्हिस फर्म चालवणारे कोणी आहे का? एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार), दर आणि वसुलीबद्दल विचारायचंय

गोदाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज विचारायचंच म्हणून लिहायला बसलो.

सातपूरला छोटं ऑफिस आहे, मी आणि दोन पोरं. गिऱ्हाईक म्हणजे सातपूर-अंबडचे जॉबवर्कवाले कारखाने, रविवार कारंजाकडचे दोन-तीन होलसेलवाले, कॉलेज रोडला सीए लोकांची ऑफिसं आणि पिंपळगावला एक द्राक्षाचं पॅकहाऊस. काम सगळंच करतो, नेटवर्क, सर्व्हर, टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), ईमेल, कॅमेरे, बायोमेट्रिक, आणि मालकाच्या मेव्हण्याचा प्रिंटर.

आत्तापर्यंत सगळं व्हिजिटवर चाललंय. फोन आला की जायचं, पाचशे रुपये व्हिजिट, सामान लागलं तर वेगळं. यात घोळ असा की आपण सगळं नीट लावून ठेवलं तर फोन येत नाही आणि फोन नाही आला तर पैसे नाहीत, म्हणजे गिऱ्हाइकाचं बिघडलं तरच आपलं भागतं. त्यात अर्धं काम आता एनिडेस्कवरच, म्हणजे बसल्या जागेवरून गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर चालवून, होतं, "जरा पंधरा मिनिटं बघ ना" करत दीड तास जातो आणि त्याचं बिल पाठवलं की समोरच्याचा सूरच बदलतो. "तू आलाच कुठे होतास?"

म्हणून सगळ्यांना महिन्याच्या हिशोबावर आणायचंय. दर कॉम्प्युटरमागे लावायचा की एकरकमी? कागदावर काय काय लिहून घ्यायचं? पैसे वेळेवर कसे काढायचे? आणि "माझा भाचा इंजिनिअर आहे, तो फुकट करतो" याला उत्तर काय? अनुभवी लोकांनी सांगा.

जुना_खिळा

भाच्याचं उत्तर सोपं आहे, काही बोलायचंच नाही. भाचा पुण्याला नोकरीला लागला की फोन येतो. तोवर संबंध गोड ठेवायचे.

मी या धंद्यात फ्लॉपीच्या काळापासून आहे. दर कॉम्प्युटरमागे एएमसी हा प्रकार मी बंद केलाय. लोक पीसीला वर्षाला दीड हजार देतात आणि त्यात सगळं धरतात, माऊसपासून सर्व्हरपर्यंत. दहा पीसीचे पंधरा हजार, त्यात एक सर्व्हर बसला की दोन रात्री आपल्या गेल्या. पीसी मोजून दर ठरवला की गिऱ्हाईक पण हुशारी करतं, "ते दोन जुने धरू नका, वापरत नाही" म्हणतं आणि पहिला फोन त्या दोनांपैकीच एकाचा येतो.

आणि एक, "सगळं धरून" असा शब्द कागदावर येऊ देऊ नका. काय धरलेलं नाही ते आधी लिहा. वीज पडून गेलेलं, उंदरानं कुरतडलेली केबल, यूपीएसची बॅटरी, टोनर, प्रिंटरचं हेड, आणि दुसऱ्या कोणी उघडलेलं मशीन. उंदरावर हसू नका, भद्रकालीतल्या एका गोडाऊनमध्ये मी फॉल्स सीलिंग उघडून बघितलं तर केबलीचं नुसतं तांबं राहिलं होतं.

सीएनसी_मालक

मी तुमच्या उलट्या बाजूचा. अंबडला छोटा कारखाना आहे, टर्निंगचं काम. गिऱ्हाईक म्हणून काय वाटतं ते सांगतो, वाईट वाटून घेऊ नका.

पैसे द्यायला आमची ना नसते हो. कशाचे देतोय ते कळत नाही, ही अडचण आहे. कॉम्प्रेसरवाला येतो, फिल्टर बदलतो, जुना फिल्टर हातात ठेवतो, कळतं. तुम्ही लोक येता, काळ्या स्क्रीनवर काहीतरी टाईप करता, "झालं साहेब" म्हणता आणि जाता.

आधी एक आयटीवाले होते, नाव घेत नाही. त्यांच्याशी बिलावरून बिनसलं. नंतर कळलं की आमच्या कंपनीचं डोमेन, म्हणजे वेबसाइट आणि मेलचं नाव, त्यांच्याच नावावर, त्यांच्याच ईमेलवर घेतलेलं. रिन्यूअल आलं, त्यांनी फोन उचलला नाही आणि आमचे मेल बंद. कस्टमर म्हणतोय ड्रॉइंग पाठवलं, आमच्याकडे काही नाही. पुण्याच्या कस्टमरला मी स्वतःच्या जीमेलवरून मेल करत होतो, पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) कंपनीचं नाव आणि खाली माझा घरगुती आयडी. ते डोमेन परत मिळेपर्यंत काय हाल झाले ते मलाच माहीत.

त्यामुळे माझी अट एकच असते आता. डोमेन, मेलचं ॲडमिन, राऊटर, सर्व्हर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), सगळ्याचे पासवर्ड एका कागदावर, पाकिटात बंद करून माझ्या तिजोरीत. बदलले की नवीन पाकीट. जो हे स्वतःहून देतो त्याला मी दर विचारत बसत नाही.

गोदाकाठ

साहेब, वाईट कसलं, उलट नोंद करून घेतली. पण पासवर्ड सगळे देऊन टाकले तर गिऱ्हाईक उद्या दुसरीकडे जाईल ना, अशी भीती आमच्यातल्या बऱ्याच जणांना असते.

जुना_खिळा

पासवर्ड अडकवून धरलेलं गिऱ्हाईक पैसे पण अडकवूनच देतं. जायचं त्याला जाऊ द्या. डोमेन, सॉफ्टवेअरचं लायसन, सगळं त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, त्याच्या कार्डवरून. आपण फक्त तारीख सांभाळायची.

हिशोबनीस

वसुलीबद्दल मी सांगते, मी टॅक्सचंच काम करते आणि माझ्या ऑफिसचा आयटीवाला पण असाच उधारीनं गांजलेला होता.

दादा, उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे का? नसेल तर आधी ते करा, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, कोणा एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. तुम्ही मायक्रोमध्ये, म्हणजे सगळ्यात लहान गटात, बसाल. मग लहान उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६ तुमच्या बाजूनं येतो. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. हे व्याज कोणी सुखानं देत नाही हे मलाही माहितीये, पण खरी नस दुसरीकडे आहे. आयकरातलं ते कलम, लोक अजून ४३बी(एच) म्हणूनच ओळखतात. मायक्रो किंवा स्मॉल उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी मिळतो. १ एप्रिल २०२४ पासून, म्हणजे २०२३-२४ च्याच हिशोबाला, हे लागू झालं आणि त्या मार्चला कितीतरी कारखान्यांचे अकाउंटंट स्वतः फोन करून उद्यमचा नंबर मागत होते. नवीन आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे कागदावर कलम लिहायचं असेल तर तुमच्या सीएला विचारून लिहा.

एक बारीक गोष्ट लोक विसरतात. याचा फायदा माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या ट्रेडिंगला नाही. तुम्ही लॅपटॉप, स्विच, यूपीएस विकता ते ट्रेडिंग. म्हणून सर्व्हिसचं बिल वेगळं आणि सामानाचं वेगळं काढा, एकाच बिलात कालवाकालव नको. बिलावर उद्यम नंबर छापा.

सीएनसी_मालक

ताई, हे खरंय. आमचा अकाउंटंट मार्च आला की वेगळी यादीच काढतो, ज्यांच्या बिलावर उद्यम नंबर आहे ते वर.

गोदाकाठ

उद्यम आहे, पण बिलावर कधी छापलं नाही. आजच फॉरमॅट बदलतो. सामानाचे पैसे मात्र मी आता आगाऊ घेतो, पन्नास टक्के नाही, पूर्ण.

क्लाऊडवाला_पोरगा

मंडळी, एवढी झकमारी कशाला? २०२५ संपलं तरी आपण सर्व्हर, यूपीएस, केबल यातच अडकलोय. सगळ्यांना क्लाऊडवर हलवा, टॅली भाड्याच्या सर्व्हरवर, मेल आणि फाईली क्लाऊडवर, ऑफिसात फक्त स्क्रीन आणि इंटरनेट. महिन्याचं बिल आपोआप महिन्याचंच होतं, गोदाकाठ भाऊंचा प्रश्नच सुटला.

पिंपळगाव_पॅकिंग

पोरा, एकदा फेब्रुवारीत रात्री दहाला आमच्या पॅकहाऊसवर ये आणि मग क्लाऊड सांग.

द्राक्षाचा सीझन जानेवारी ते एप्रिल. त्या काळात रात्रपाळी चालते, बाया पनेटमध्ये (छोट्या डब्यांत) माल भरतायत, प्री-कूलिंगला गाडी लागलीये, आणि प्रत्येक बॉक्सवर लेबल लागतं. युरोपला जाणारा माल अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) ग्रेपनेटवर, म्हणजे द्राक्षाच्या नोंदीच्या ऑनलाइन यंत्रणेवर असतो, बागेची नोंद, रेसिड्यूचा (औषधाच्या अंशाचा) रिपोर्ट, मग लॉट, मग पॅलेट, सगळं एकमेकाला बांधलेलं. लेबलवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळला नाही तर अख्खा कंटेनर थांबतो. अशा वेळी लेबल प्रिंटरला डेटा देणारा कॉम्प्युटर क्लाऊडकडे बघत बसला आणि गावाकडची केबल कोणाच्या तरी जेसीबीनं तोडली की शंभर बाया हात जोडून बसतात आणि त्यांची मजुरी चालूच राहते. आमच्याकडे लेबलचं सॉफ्टवेअर त्याच खोलीतल्या मशीनवर आहे, नेट गेलं तरी चालतं, नेट आलं की वर पाठवतं. लाईन दोन, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि वरून एक सिमकार्डवाला राऊटर. दोन कंपन्या घेताना पण बघून घ्या, पोल एकच असला तर दोन्ही एकदमच जातात.

अजून एक. लेबल प्रिंटरचा थर्मल हेड आणि रिबन सीझनआधी जादा आणून ठेवतो. नाशिकहून तो आणायला रात्री कोण जाणार, आणि दुकान कोण उघडणार?

गोदाकाठ भाऊ, तुमच्या मुद्द्यावर येतो. आम्हाला बारा महिने सारखा हप्ता परवडत नाही, मे ते नोव्हेंबर कुलूप असतं. आमच्या आयटीवाल्याशी सीझनचा वेगळा करार आहे. डिसेंबरात येऊन सगळं तपासून देतो, चार महिने रात्री फोन उचलतो, मेमध्ये सगळं बंद करून, प्रिंटर झाकून, बॅकअप घेऊन जातो. चार महिन्यांचे पैसे तगडे घेतो, आम्ही देतो. बाकीचे महिने काही नाही.

क्लाऊडवाला_पोरगा

बरं, हे मला माहीत नव्हतं. पण शहरातल्या ट्रेडिंगवाल्यांना तरी क्लाऊड चालेल ना?

जुना_खिळा

चालेल की, कोण नाही म्हणतंय. मेल तर क्लाऊडवरच पाहिजे, ऑफिसात मेल सर्व्हर ठेवणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्या पाया पडेन. पण माणूस बघून औषध द्यायचं. आता अंबडचंच घ्या. तिथे जुन्या सीएनसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशीनला प्रोग्रॅम पाठवायला अजून आरएस-२३२ ची, म्हणजे जुन्या पद्धतीची केबल लागते, आणि ती लावायला सिरीयल पोर्टवाला जुना पीसी, त्यावर विंडोज एक्सपी नाही तर सेव्हन. कोणी उत्साही पोरगा येतो आणि "काका हे जुनाट आहे" म्हणून त्यावर नवीन विंडोज टाकतो, आणि सोमवारी मशीन उभं. ते सॉफ्टवेअर ज्यानं दिलं तो माणूस आता धंद्यातच नसतो.

त्या पीसीला हात लावायचा नाही. आधी त्याच्या डिस्कची अख्खी इमेज (हुबेहूब प्रत) काढायची, तसाच दुसरा जुना पीसी चोर बाजारातून का होईना आणून त्यावर ती चालते का बघायची, आणि त्याला इंटरनेटपासून तोडायचं. वेगळा स्विच, वेगळं नेटवर्क. पेनड्राइव्ह पण ठरलेलाच एक.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिसातल्या जुन्या मशीनी बदलायलाच लागतील, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचं साधारण आठव्या पिढीपासूनचंच प्रोसेसर चालतं. पण शॉपफ्लोअरचं गणित वेगळं. हे दोन्ही एका दरात बसवू नका.

सीएनसी_मालक

खिळेकाका, माझ्याकडे असलाच पीसी आहे, मशीनला फॅनक कंपनीचं कंट्रोल. इमेज कोणी काढलेली नाही. उद्याच कोणाला तरी बोलावतो.

जुना_खिळा

शनिवारी बोलवा, तुमच्या भागात शनिवारची सुट्टी असते ना. चालू मशीनच्या शेजारी बसून हे काम करायचं नाही. आमच्याकडे कारखान्यांची सगळी मोठी कामं शनिवारीच लागतात, त्यामुळे आमच्या पोरांना सुट्टी रविवारी, हे मुलाखतीतच सांगून टाकतो.

बॅकअप_बाबा

मी पण नाशकातच, पाथर्डी फाट्याला, आमची पाच जणांची फर्म आहे. बॅकअपवर कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो.

नवीन गिऱ्हाईक घेतलं की आम्ही एकच प्रश्न विचारतो, "बॅकअप आहे का?" सगळे हो म्हणतात. मग विचारतो, "शेवटचा उघडून कधी बघितला?" मग शांतता. एका होलसेलवाल्याकडे अकाउंटंटला घरून काम करायचं होतं म्हणून कोणीतरी रिमोट डेस्कटॉपचा (दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा) ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटला उघडा ठेवला होता, पासवर्ड दुकानाचं नाव आणि वन टू थ्री. सकाळी आले तर सगळ्या फाईलींची नावं बदललेली आणि डेस्कटॉपवर खंडणीची चिठ्ठी. बॅकअप होता हो, रोज व्हायचा. पण त्याची हार्डडिस्क कायम त्याच सर्व्हरला लावलेली, मग ती पण गेली. शेवटी सीएकडे जो डेटा पाठवला होता त्यावरून पुढच्या एन्ट्र्या बिलबुकातून हातानं मारल्या. दिवाळीच्या आधी. मालक बाजूला बसून बिलं वाचून दाखवत होता आणि अकाउंटंट टाईप करत होता, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

तेव्हापासून आमचा नियम आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी, आणि त्यातली एक तरी अशी की जी वायरला लावलेली नाही. दोन डिस्क, एक लावलेली आणि एक मालकाच्या घरी, आठवड्याला अदलाबदल. आणि महिन्यातून एकदा आमचा माणूस तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडतो, टॅलीत कंपनी लोड करतो, कालचं शेवटचं बिल दिसतंय का बघतो आणि त्या स्क्रीनचा फोटो मालकाला व्हॉट्सॲप करतो. सीएनसी मालक साहेब म्हणाले ना, जुना फिल्टर हातात ठेवतात, तसा हा आमचा फिल्टर. या फोटोमुळे आमची बिलं निघायला लागली, खरं सांगतो.

आणि असं काही झालंच तर सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) सहा तासांच्या आत कळवायचा नियम आहे, २०२२ पासून. छोट्या दुकानदारांना हे कोणी सांगतच नाही. पैशाची फसवणूक असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन, त्यात तासाचा पण उशीर नको, कारण पुढच्या खात्यातून पैसे निघायच्या आत अडकवता आले तरच उपयोग.

पिंपळगाव_पॅकिंग

फसवणुकीवरून, निर्यातवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. आपल्याच सप्लायरच्या नावानं मेल येतो की आमचं बँक खातं बदललंय, यावर पैसे टाका. मेल आयडीत एक अक्षर इकडचं तिकडे. किंवा आपला मेल फोडून आपल्या बायरलाच असं पाठवतात. खातं बदललं म्हणलं की जुन्या, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही. आमच्याकडे हे अकाउंटंटच्या टेबलावर चिकटवून ठेवलंय.

हिशोबनीस

यात माझी एक भर. ओटीपीची सोय नीट लावून द्या गिऱ्हाइकाला, हे तुमच्या कामात धरा आणि त्याचे पैसे घ्या. १ एप्रिल २०२५ पासून जीएसटीच्या ई-वे बिल (माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद) आणि ई-इनव्हॉइसच्या (सरकारी पोर्टलवर नोंदायचं बिल) पोर्टलला सगळ्यांनाच दुहेरी पडताळणी लागते. ओटीपी जातो मालकाच्या मोबाईलवर. मालक त्र्यंबकला दर्शनाच्या रांगेत, फोन गाडीत, आणि इकडे ट्रक गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, बिल निघत नाही. पोर्टलवर सब-युजर काढता येतात, प्रत्येकाचा स्वतःचा मोबाईल नंबर. दहा मिनिटांचं काम आहे, पण बहुतेकांकडे झालेलं नसतं. आणि नोकर सोडून गेला की तो सब-युजर बंद करायचा, हे पण तुमच्याच यादीत असू दे. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे, तिथे तर हे अडलं की बिलच नाही.

गोदाकाठ

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

जे डोक्यात बसतंय ते असं की कॉम्प्युटर मोजण्यापेक्षा गिऱ्हाइकाचं काय अडलं तर धंदा थांबतो ते आधी शोधायचं आणि तेवढ्याची जबाबदारी महिन्याच्या पैशात घ्यायची. होलसेलवाल्याचं टॅली आणि ई-वे बिल, कारखान्याचा तो एक जुना पीसी, पॅकहाऊसचं लेबल. बाकी माऊस, प्रिंटर आणि मेव्हणा, हे व्हिजिटवर.

पण मग दर? बॅकअप बाबा, तुम्ही काय लावता, आकडा सांगायला हरकत नसेल तर.

बॅकअप_बाबा

आकडा गिऱ्हाईक बघून बदलतो पण काढायची रीत सांगतो. आधी तुमच्या ऑफिसचा महिन्याचा खर्च लिहा, पोरांचे पगार, तुमचा स्वतःचा पगार (हा कोणी धरतच नाही), भाडं, पेट्रोल, सॉफ्टवेअर. त्याला तुमच्या तिघांच्या महिन्याच्या खऱ्या कामाच्या तासांनी भागा. खरे म्हणजे द्वारका सर्कलला अडकलेले तास वजा करून. जो आकडा येईल तो तुमच्या तासाचा पडता भाव, बघून तुम्हाला घाम फुटेल. मग मागच्या वर्षीचे व्हॉट्सॲप आणि कॉल काढून बघा, कोणत्या गिऱ्हाइकानं महिन्याला साधारण किती तास खाल्ले. गुणा, वर नफा लावा, झाला दर. पाचशे रुपयांत व्हिजिट म्हणजे तुम्ही पदरचे घालताय हे तुम्हालाच दिसेल.

करारात तास लिहा. महिन्याला अमुक तास, फोन आणि एनिडेस्क पण त्यातच, वरचे तास वेगळ्या दरानं. आणि कामाच्या वेळेबाहेरचा दर दीडपट. हे लिहिलं की रात्री अकराला "सहज विचारतो" म्हणून येणारे फोन आपोआप कमी होतात.

जुना_खिळा

करारात अजून एक ओळ टाका, चोरीचं सॉफ्टवेअर आम्ही टाकणार नाही. मालक लोक सहज म्हणतात "टाक रे, कोण बघतंय". कॉपीराईट कायद्यात ६३बी कलम आहे, जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. मी वाद घालत नाही, कागद दाखवतो. परवडत नसेल तर फुकटचं लिबरऑफिस टाकून देतो, मराठी टायपिंगसकट, पत्र आणि कोटेशन लिहायला काय कमी पडतं? फक्त एक्सेलमधले जुने मॅक्रो (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्रॅम) चालतात का ते आधी बघून घ्या, नाहीतर अकाउंटंट शिव्या घालतो.

क्लाऊडवाला_पोरगा

आणि कुंभमेळ्याचं काय? २०२७ च्या सिंहस्थासाठी हॉटेल, लॉज, पार्किंगवाले सगळे कॅमेरे आणि वायफाय मागतायत. तिकडे उडी मारावी का?

जुना_खिळा

मार, पण आपल्या पैशानं माल भरू नको. ठेकेदाराच्या खालचा ठेकेदार, त्याच्या खालचा आपण, अशी उतरंड असते, वरून पैसे झिरपत खाली येईस्तोवर पुढचा कुंभ येतो. थेट हॉटेलवाला असेल, आगाऊ देत असेल, तर कर.

आणि पंचवटी, रामकुंडाकडची जी गिऱ्हाईकं आहेत त्यांचा आत्ताच विचार करा. पर्वणीच्या दिवशी त्या भागात गाडी जात नाही, २०१५ ला मी चालत गेलोय टूलकिट घेऊन. त्यांच्याकडे एक जादा राऊटर आणि एक जादा स्विच आधीच सेट करून कपाटात ठेवा, वरती मोठ्या अक्षरात लिहा कुठली वायर कुठे. त्यांचा पोऱ्या पण बदलू शकला पाहिजे.

पिंपळगाव_पॅकिंग

पोरं टिकवायचं काय करता पण? आमच्याकडे येणारा पोरगा दर सीझनला वेगळा असतो, दरवेळी नव्यानं सांगायला लागतं की हा प्रिंटर कुठे आहे.

बॅकअप_बाबा

टिकत नाहीत. डिप्लोमा झालेलं पोरगं येतं, दीड-दोन वर्षांत सगळं शिकतं आणि पुणं धरतं, त्याचं पण बरोबरच आहे, पगार दुप्पट मिळतो. आम्ही थांबवायचा नाद सोडला. त्यापेक्षा प्रत्येक गिऱ्हाइकाची एक वही केलीये, खरं तर एक शेअर केलेली फाईल, त्यात नेटवर्कचं चित्र, कुठल्या कपाटात काय, फोटो, मालकाचा स्वभाव. हो, स्वभाव पण. "सकाळी अकराच्या आधी फोन करू नये", "चहा नाही म्हणलं तर राग येतो". नवीन पोरगा ती वाचूनच जातो. काम झालं की तिथेच उभं राहून नोंद टाकायची, नोंद नाही तर पेट्रोलचे पैसे नाहीत.

गोदाकाठ

हे भारी आहे, उचलतो.

तर मी असं करतो, होलसेलवाल्यांपैकी एक, एक कारखाना आणि सीएचं एक ऑफिस, या तिघांना आधी पत्र देतो. तासांचा हिशोब, काय धरलंय, काय नाही, पासवर्डचं पाकीट, बॅकअपचा फोटो, बिलावर उद्यम. पॅकहाऊसला सीझनचा वेगळा. बाकीच्यांना एप्रिलपासून.

शेवटचं एक विचारतो, मालकाच्या मुलाचा घरचा गेमिंगचा लॅपटॉप, तो तासांत धरायचा का? प्रत्येक ठिकाणी असतो हा.

बॅकअप_बाबा

धरायचा. पूर्ण तास धरायचे.

सीएनसी_मालक

अहो, पहिला तास तरी सोडा.